पत्ते पुसण्याची सुलभ रीत

ढाणकी येथे पार्सल वाटपाचे कार्य मी, देवराव, कित्येक वर्षांपासून निष्ठेने करीत आहे. समस्त गावाचे पत्ते मला मुखोद्गत असतात. परंतु विमलताई घर बदलून बसस्थानकामागे राहावयास गेल्याची वार्ता माझ्या स्मरणापर्यंत पोहोचली नाही, आणि त्यांची नवी कवळी मी जुन्याच घरी देऊन आलो. तेथील नवे भाडेकरू अतुल यांनी ती जिज्ञासेपोटी स्वमुखात बसवून पाहिली. ती बसली; मात्र निघेना. अखेर खुद्द विमलताईंनीच येऊन ती ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक सदाशिवराव शांतपणे म्हणाले, "देवराव, आज एकबी पार्सल चुकलं, तं उद्यापासून मी दुसरा मानूस पाहतो."

त्यांची कन्या रुपालीताई घरी बसूनच कर्नलचे, म्हणजे संगणकाचा सर्व कारभार हाकणाऱ्या गाभ्याचे, काम करतात. माझी व्यथा ऐकून त्यांना अत्यानंद झाला. त्यांनी विशद केले की, संगणकसुद्धा आपल्या मेमरीतले पत्ते पाठ करून ठेवतो, आणि आतील सामान हलले की पाठ केलेला पत्ता पुसावा लागतो. पुसण्याच्या रीती मात्र अनेक होत्या. कुठे एक पत्ता पुसत, कुठे अख्खी गल्ली. त्या गोंधळात एखादा शिळा पत्ता राहूनच जाई. ताईंनी त्या सर्व काढून एकच रीत ठेवली होती.

"काका, कोनीबी हललं की सारंच पुसायचं. मंग चूक होतच नाही."

"अन् मंग मले पत्ता कसा समजन?"

"विचारायचा. एकदा विचारला की पुन्हा पाठ."

मी नेत्र मिटले आणि समस्त ढाणकी विसरलो.

रीत निर्दोष होती. अडचण आमच्या गावाची होती. येथे पत्ता विचारणाऱ्यास चहा पाजल्यावाचून कोणी पत्ता सांगत नाही. पूर्वी मी न विचारता जात असे, म्हणून ही प्रथा मला बाधत नव्हती. आता प्रत्येक पार्सलामागे एक चहा होऊ लागला. त्यात दुपारी जीवन गुरुजींनी बिऱ्हाड हलविल्याचे कळले. मी प्रामाणिकपणे पुन्हा सर्व विसरलो, आणि सकाळी ज्यांनी पाजला त्यांनीच पुन्हा पाजला.

सूर्यास्ताच्या समयी एकच पार्सल उरले. त्यावर माझेच नाव होते. नियम तो नियम. विचारीत विचारीत मी एका दारी पोहोचलो. तेथे माझ्या धर्मपत्नी मथुराबाई तूर निवडीत होत्या.

"बाई, देवराव कुठं राह्यते?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "बसा. च्या ठेवतो, मंग सांगतो."

एकही पार्सल न चुकल्याने माझे काम टिकले. रुपालीताईंनी सर्व हकीकत ऐकून आपल्या रीतीत एक ओळ वाढविली: एकच घर हलल्यास एकच पत्ता पुसावा. सकाळी सदाशिवरावांनी प्रसन्नपणे चहा पुढे केला. मी पत्ता विचारला नव्हता. म्हणून तो नम्रपणे नाकारला.