शिट्टीवर चालणारं मशीन

“काका, तुम्ही स्वतः शेवटचं गवत कधी कापलंत?”

विचारला बाई एकदाचा प्रश्न. खतांच्या पोत्यांआड उभ्या असलेल्या दोघी मैत्रिणींनी, लांबी आणि चष्मिसनं, एकमेकींचे हात घट्ट धरले. पैजच तशी लागली होती. दुकानातला टायवाला विक्रेता गेली वीस मिनिटं गवत कापायच्या एकेका मशीनचं असं काही कौतुक सांगत होता, की ऐकणाऱ्याला वाटावं हा जन्मला तोच गवतात. “हिंमत असेल तर विचार,” असं चष्मिस कानात कुजबुजली, आणि गेल्या वर्षापर्यंत वर्गात ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, ती सरळ पुढे झाली. वादविवाद स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून तिचं हे असं झालं होतं. आई म्हणायची, “ढाल शाळेनं ठेवून घेतली, जीभ तेवढी घरी आली.”

टायवाल्यानं टाय सरळ केला. “मी चौथ्या मजल्यावर राहतो,” तो म्हणाला. “दोन कुंड्या आहेत. त्यातली एक रिकामी आहे.”

दुकानाच्या मागच्या बाजूला दुरुस्तीचं टेबल होतं. तिथून खो खो हसण्याचा आवाज आला. मिस्त्री हाताचं ग्रीस फडक्याला पुसत म्हणाले, “पोरी, इकडे ये. काय हवंय ते मला सांग.”

तिनं सांगितलं. बाबांचे काका आणि बाबांची आत्या, दोघं सख्खी भावंडं, गावाच्या कडेला एका घरात राहतात. काकांना सगळे दादा म्हणतात म्हणून ते तिचे दादाआजोबा, आणि ती आत्याआजी. घरापुढे मोठं लॉन आहे. मशीन जुनं झालंय. सुट्टीत लॉन गुडघ्यापर्यंत वाढलं, तेव्हा बाबांनी जाहीर केलं की आता तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे, विषय संपला. त्यावर आत्याआजी दोन दिवस कुणाशी बोलली नाही आणि दादाआजोबा अंगणात जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसले. शेवटी या नातीनंच मध्ये पडून बाबांकडून पंधरा दिवस मागून घेतले होते. या पंधरा दिवसांत दोघांना झेपेल असं मशीन शोधून दाखवायचं, नाहीतर ब्लॉकवाला येणार.

“मापं आणलीस?” मिस्त्रींनी विचारलं.

तिनं वही उघडली. लॉनची लांबी, रुंदी, फाटकाची रुंदी, अवजारांच्या खोलीचं दार, कुंपणाजवळचा उतार, सगळं होतं. उतार तर तिनं वाटीत पाणी धरून मोजला होता. मिस्त्रींनी भुवया वर केल्या.

“झकास. कापणार कोण?”

“दादाआजोबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण तब्येत एकदम ठणठणीत.”

“त्यांना कापताना तू शेवटचं कधी बघितलंस?”

तिनं वहीत पाहिलं. हे काही तिथे नव्हतं. पोत्यांआडून लांबी फिसकन हसली.

“मशीन गवतासाठी नसतं गं,” मिस्त्री म्हणाले. “हातांसाठी असतं. आधी जाऊन बघ. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बघ, मध्ये सरबत प्यायला आत जाऊ नकोस. मग ये.”

शनिवारी सकाळी ती एकटीच गेली. “आज तुम्ही कापा, मी नुसती बघणार,” असं तिनं सांगितल्यावर दोघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं, ते तिला जरा विचित्रच वाटलं.

“बघण्यासारखं काय आहे त्यात?” आत्याआजी म्हणाली.

“बघू दे की, बाळे,” दादाआजोबा म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बहिणीला ते अजून बाळे म्हणत. बाळेनं कपाळाला आठी घातली, व्हरांड्यातली वेताची खुर्ची उचलून लॉनच्या टोकाशी नेऊन ठेवली आणि पदराखालून एक शिट्टी काढली.

आत्याआजी तीस वर्षं खेळाची शिक्षिका होती. शिट्टी त्याच काळातली, पितळेची. दादाआजोबांनी पेट्रोलच्या मशीनची दोरी ओढली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, सहाव्यांदा ते धडधडत उठलं आणि कुंपणावरचे पक्षी उडाले. मग सुरू झाली कवायत. एक शिट्टी, की दादाआजोबा डावीकडे. दोन शिट्ट्या, की उजवीकडे. लांबलचक शिट्टी, की जागच्या जागी उभे. मशीनच्या गदारोळात शिट्टी ऐकू जावी म्हणून आत्याआजी गाल फुगवून जीव खाऊन फुंकत होती, आणि दर चार-पाच शिट्ट्यांनंतर छातीवर हात ठेवून दम खात होती.

आधी तिला हसूच आवरेना. मैत्रिणींना दाखवायला फोन काढावा असंही मनात आलं. मग आत्याआजीला ठसका लागला.

तेवढ्या वेळात शिट्टी वाजली नाही, आणि दादाआजोबा सरळ चालत राहिले. कापलेल्या पट्ट्यावरून पुन्हा गेले, कोपऱ्यातल्या शेवंतीच्या वाफ्यात घुसले, आणि तिथल्या हिरव्या नळीवर मशीन चढलं. फटकन आवाज झाला. नळीचे दोन तुकडे झाले आणि पाण्याचं कारंजं उडालं. तेव्हा कुठे ते थांबले.

ती धावत गेली, नळ बंद केला. नळी उचलली तर तिला सात ठिकाणी काळी टेप लावलेली. गेल्या महिन्यात आईनं विचारलं होतं, तेव्हा आत्याआजीनं सांगितलं होतं की उंदीर फार झालेत. आईनं बिचारीनं पिंजरा पाठवला होता.

ढाल मिळवताना तिनं परीक्षकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायची सवय लावून घेतली होती. ती दादाआजोबांसमोर उभी राहिली.

“दादाआजोबा, कापलेलं गवत कुठलं आणि न कापलेलं कुठलं, तुम्हाला दिसतं का?”

मशीन बंद झालं होतं. दादाआजोबांनी कपाळावरचं पाणी पुसलं.

“कडेकडेचं दिसतं,” ते म्हणाले. “मधलं नाही दिसत. आता तू पुढ्यात उभी आहेस, तर मला तुझे दोन कान दिसतात. छान आहेत. आईवर गेलेत.”

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं जपा.”

“आणि तू बाबांना सांगणार नाहीयेस,” आत्याआजी मागून येत म्हणाली. तिला अजून धाप लागलेली होती. “त्याला कळलं तर मशीन जाऊ दे, तो चहाची किटलीसुद्धा कपाटात टाकून कुलूप लावेल. ब्लॉक बसवेल, मग म्हणेल आमच्याकडेच येऊन राहा. तुमच्या त्या बाल्कनीत हा माणूस काय करणार? दिवसभर खुर्चीत बसून कडा बघणार? इथे निदान त्याचे पाय गवत ओळखतात. वचन दे मला.”

खरं सांगायचं तर वर्षभरापूर्वी तिनं वचन देऊन टाकलं असतं आणि घरी जाऊन पोट दुखतंय म्हणून झोपली असती. आता तिनं नळीचा तुकडा हातात फिरवत विचार केला.

“नाही देणार,” ती म्हणाली.

“अगं पण...”

“आत्याआजी, उद्या तुला पुन्हा ठसका लागला आणि नळीच्या जागी त्यांचा पाय असला तर? मी लपवून मशीन निवडणार नाही. पण ब्लॉकही बसू देणार नाही. मला आठवडा द्या. मशीन मिळालं तर बाबांना सगळं सांगायचं, आणि मशीन दाखवून सांगायचं.”

“आणि नाही मिळालं तर?” दादाआजोबांनी विचारलं.

“तरी सांगायचंच.”

आत्याआजीनं भावाकडे पाहिलं. “ही आपल्या घरात कुणावर गेली?”

“तुझ्यावर,” दादाआजोबा म्हणाले. “फक्त शिट्टी नाहीये.”

सोमवारी शाळा सुटल्यावर ती दुकानात गेली, ती वहीत नवं पान घेऊन. त्या पानावर मापं नव्हती. मशीन चालू असताना बोललेलं ऐकू आलं पाहिजे, असं पहिलं वाक्य. माणूस थांबला की पाती त्याच क्षणी थांबली पाहिजेत, हे दुसरं. आणि सुरू करायला दोरी नको.

मिस्त्रींनी पान दोनदा वाचलं. टायवालाही येऊन खांद्यावरून वाचू लागला. त्यानं आपलं आपण फिरणारं एक चपटं, कासवासारखं मशीन सुचवलं. माणसानं काही करायचंच नाही, गवत आपोआप कापलं जातं. तिनं तिथूनच दादाआजोबांना फोन लावून विचारलं.

“म्हणजे ते कापणार आणि मी बसून बघणार?” पलीकडून आवाज आला. “पोरी, बघणं सोडून दुसरं काहीही सांग.”

मग बॅटरीचं मशीन निघालं. आवाज कमी, वजन हलकं, बटण दाबलं की चालू. मूठ सोडली की पाती थांबतात, असं टायवाला म्हणाला. पण गोंधळला की माणूस मूठ सोडतो का आणखी घट्ट आवळतो? सायकल शिकताना चष्मिस भिंतीवर जाऊन आदळली होती, तेव्हा तिनं मूठ काही सोडली नव्हती. तिनं टायवाल्याला मान हलवून नकार दिला.

शेवटी मिस्त्री आतल्या खोलीत गेले आणि धूळ खात पडलेलं एक मशीन ढकलत घेऊन आले. दोन चाकं, मध्ये पिळदार पात्यांचा रूळ, लांब लाकडी दांडा. इंजिन नाही, वायर नाही. चाकं फिरली तर पाती फिरणार, चाकं थांबली की पाती थांबणार.

“हे कुणी विचारतच नाही,” टायवाला म्हणाला. “याची तर मला माहितीही पाठ नाही.”

“बरं झालं,” मिस्त्री म्हणाले, आणि तिच्याकडे वळले. “ऐक, याचे नखरे आहेत. गवत वाढू द्यायचं नाही, आठवड्यातून एकदा तरी कापावंच लागतं. उंच गवतावर हे चालत नाही, नुसतं लोळवतं. चढावर जड जातं. आणि पात्यांना बोट लावायचं नाही कुणी, थांबलेली असली तरी धार ती धारच. आठवडाभर घेऊन जा. नाही जमलं तर परत आण.”

बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटली. लॉन त्या कवायतीत नुकतंच कापलेलं असल्यानं गवत बेताचंच होतं. दादाआजोबांनी दांड्यावर हात फिरवला, दोन पावलं ढकललं आणि थांबले. खसखस, खसखस, कात्रीनं कापड कापावं तसा आवाज. पुन्हा दोन पावलं.

आत्याआजीनं सवयीनं शिट्टी तोंडाला लावली होती. ती तशीच ओठांवर राहिली.

“जरा डावीकडे, दादा,” ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात, टेबलापलीकडून मीठ मागावं तसं.

दादाआजोबा डावीकडे वळले.

“आता सरळ. सरळ. वाफा आला, थांब.”

ते थांबले, पातीही थांबली. मग नातीनं मुद्दाम पुढच्या पट्ट्यावर नळीचा तो तुटका तुकडा टाकला आणि कुणालाच सांगितलं नाही. मशीन त्यावर गेलं, कचकन अडलं आणि पुढे जाईना. नळीवर ओरखडा होता, तुकडा मात्र अख्खा होता. आत्याआजीनं तिला अंगणात उभं करून पाच मिनिटं फैलावर घेतलं, ते तिनं आनंदानं ऐकून घेतलं.

सपाट भाग पाऊण तासात झाला. गप्पा मारत झाला, हे विशेष. शेजारीण आजारी आहे, धाकट्या भाच्याचं पत्र नाही, डावीकडे, परवाची भाजी खारट झाली होती, आता वळ. कुंपणाजवळच्या उतारावर मात्र दादाआजोबा तिसऱ्या पावलाला थांबले. पुन्हा ढकललं, पुन्हा थांबले. दांडा धरून ते थोडा वेळ नुसते उभे राहिले. तिनं पुढे होऊन दांडा हातात घेतला. त्यांनी तो सहज सोडला नाही, पण सोडला. उतार तिनंही घामाघूम होऊनच संपवला.

रविवारी आई-बाबा आले. बाबांच्या हातात नमुन्याचा ब्लॉक होता, लालसर, सहा कोनांचा. तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवला. दादाआजोबा आणि आत्याआजी समोर बसले होते. सांगायचं कुणी, यावर सकाळी तासभर वाद झाला होता. शेवटी दादाआजोबा म्हणाले होते, “सांगणार मीच. माझे डोळे आहेत. पुढचं तू बोल.”

त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. आईनं आत्याआजीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “म्हणजे उंदीर नव्हतेच?”

“एक होता,” आत्याआजी म्हणाली. “तो पिंजऱ्यात सापडला.”

“दादा, दीड वर्ष?” बाबा म्हणाले. “आणि तुम्ही मशीन चालवत होता? आता तर ब्लॉकशिवाय...”

“बाबा, आधी बाहेर चला,” ती म्हणाली.

बाहेर तिनं मशीन काढलं. दादाआजोबांनी एक ओळ कापली, आत्याआजीनं खुर्चीतून वळणं सांगितली. मध्येच तिनं ‘थांबा’ म्हटलं, ते थांबले, आणि बाबांनी वाकून पात्यांकडे पाहिलं. त्यांनी स्वतःही एक ओळ कापून पाहिली, वाकडी आली. मग पुन्हा दादाआजोबांना कापायला लावलं आणि लॉनच्या कडेला उभे राहून पाहत राहिले, हाताची घडी घालून. आईनं त्यांच्या दंडाला नुसता हात लावला.

तिनं घसा साफ केला. मंचावर करायची तशी पाठ ताठ केली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. मशीन हेच ठेवायचं, मिस्त्रींना मी उद्या सांगणार आहे. आत्याआजी खुर्चीत नसेल तर दादाआजोबा मशीनला हात लावणार नाहीत, हे त्यांनी कबूल केलंय. पेट्रोलचं मशीन आजच आपल्या गाडीतून जाईल. ब्लॉकवाल्याला तुम्ही फोन करून नको म्हणून सांगायचं. आणि उतार त्यांना झेपत नाही, मला झेपतो, तो दर शनिवारी सकाळी मी कापणार आहे, परीक्षा असली तरी. मला इथे सोडायला कोण येणार, तेवढं तुम्ही दोघं ठरवा.”