शंभराच्या वर

गाठ तिच्या हाताला लागली ती दूध पाजतानाच. पोरगं वर्षाचं होऊन गेलं होतं, भिंतीला धरून घरभर हिंडत होतं, तरी झोपायच्या वेळी त्याला आईच लागायची. गाठ दुधाची असेल, शेकलं की विरघळेल, असं ज्यानं त्यानं सांगितलं आणि तीही तेच धरून चालली. ती फ्रेमच्या दुकानात काचा कापायची. दिवसभर उभ्यानं, हात लांबवून काम, त्यामुळे खांदा, पाठ, काही ना काही दुखतच असायचं. गाठ तेवढी दुखत नव्हती. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात कोण जातं? शेवटी नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी जवळजवळ ओढतच नेलं, म्हणून ती गेली.

तपासण्या झाल्या, सुई घालून तुकडा काढला, रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या असतील. त्यांनी आडवळणं न घेता सांगून टाकलं. कॅन्सर. आधी केमोचे डोस, मग ऑपरेशन, मग रेडिएशन.

"बरं होण्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "पण वेळ घालवायचा नाही. पुढच्या आठवड्यात पहिला डोस. आणि त्याआधी बाळाचं अंगावरचं दूध तोडायचं. औषध दुधातून त्याच्या पोटात जाईल."

नवरा बस चालवायचा. वळणावर जसा एकेक आरसा बघतो, तसा शांतपणे एकेक प्रश्न विचारत होता. तिच्या डोक्यात मात्र ते शेवटचंच रुतून बसलं होतं. केस जातील, उलट्या होतील, त्याचं पुढचं पुढे. याचं दूध आठवड्याभरात तोडायचं कसं?

पोराला घरात गोटू म्हणायचे. गोटूचं दूध तोडायला नणंद धावून आली. ती मोज्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होती. मशिनांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं ओरडून बोलायची सवय, त्यामुळे जेवताना तिनं नुसतं मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. दोघं नवराबायको तिला पाठीमागे 'भोंगा' म्हणायचे.

"तू डोळ्यासमोर असलीस तर तो ऐकायचा नाही," नणंद म्हणाली. "थोडे दिवस माझ्याकडे नेते."

तिनं गोटूला कडेवर घेतलं आणि ती निघालीच. गोटू तिच्या खांद्यावरून आईकडे दोन्ही हात पसरून किंचाळत होता. जिना उतरून खाली जाईपर्यंत तो आवाज येत राहिला. दाराआड उभ्या असलेल्या आईचा शर्ट पुढून दुधानं भिजून चिंब झाला.

गोटू परत आला तो आत्याचा होऊन. खाऊ तिच्याच हातचा, झोप तिच्याच खांद्यावर. तिला हाक मारायचा "भो!" हे नाव त्याच्या कानावर कुठून पडलं, असं नणंदेनं विचारलं तेव्हा नवराबायको छताकडे बघत राहिले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं.

पण आईजवळ तो येईना. तिनं हात पुढे केले की लांब उभा राहून टक लावून बघायचा. टक्कल, सुजलेला चेहरा, अंगाला औषधाचा वास. त्याचं चुकत नव्हतं. तिला ते कळत होतं आणि तरी आतडं तुटायचं ते तुटायचंच. नणंद आता त्यांच्याकडेच राहायला आली होती. स्वयंपाक, पोर, कारखाना, सगळं एकहाती ओढत होती. तिचे उपकार होते, आणि तिच्या कडेवर पोर बघितलं की डोक्यात तिडीकही जात होती. दोन्ही एकाच वेळी. असलं कुणाला सांगणार?

डोस देणाऱ्या नर्सनं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. "तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होणार. साधी सर्दीसुद्धा अंगावर येऊ शकते. ताप शंभराच्या वर गेला की गोळी घेऊन वाट बघायची नाही. हातातलं टाकून तडक इथं यायचं."

तिसऱ्या डोसनंतरची ती दुपार. गोटूचं नाक वाहत होतं म्हणून पाळणाघरानं त्याला परत पाठवलं. नणंद कामावरून धावत जाऊन त्याला घरी घेऊन आली.

"एका मशिनचं काम अर्धवट टाकून आलेय. ते उरकून आलेच," ती म्हणाली. "मास्क लाव. त्याच्याजवळ जाऊ नकोस. खेळेल त्याचा तो."

"माझाच मुलगा आहे, ताई."

"म्हणून तर सांगते," नणंद म्हणाली आणि दार ओढून गेली.

ती मास्क लावून पलंगाला टेकून खाली बसली. गोटू पलीकडे वाटीत चमचे टाकत होता, काढत होता. मग कंटाळला. इकडेतिकडे बघितलं, 'भो' दिसेना. शिंकला, डोळे चोळले, आणि रांगत थेट आईच्या मांडीवर येऊन चढला. डोकं तिच्या पोटावर टाकलं, तिचं बोट मुठीत धरलं आणि झोपून गेला.

ती श्वास रोखून बसली. दूध तुटल्यापासून तो पहिल्यांदाच आपण होऊन आला होता. जवळ जायचं नाही, हे ती विसरली नव्हती. पण मांडीवरून त्याला खाली ठेवायला हात उचलेनात.

थोड्या वेळानं पाठीतून एक शिरशिरी गेली. तिनं पलंगावरची चादर ओढून खांद्यावर घेतली. मग दुसरी. थर्मामीटर उशाशीच होता. तिनं काखेत धरला, काढून बघितला. शंभराच्या वर. किंचितच.

पोराचं गरम अंग अंगावर आहे, त्यानंच असेल, तिनं स्वतःला सांगितलं. थोडं थांबून परत लावू. ताप म्हणजे हॉस्पिटल. हॉस्पिटल म्हणजे पुन्हा कितीतरी दिवस पोर दिसणार नाही, आणि आल्यावर पुन्हा तो लांबूनच बघणार. एवढी झोप होऊ दे त्याची.

ती बसून राहिली. दात वाजायला लागले तेव्हा ते एकमेकांवर दाबून धरले, त्या आवाजानं तो जागा होईल म्हणून. पुन्हा थर्मामीटर लावला. एकशे दोन.

आता मात्र थांबायचं नव्हतं. मोबाइल टेबलावर होता. गोटूला छातीशी धरून ती पलंगाच्या आधारानं उठली. नवऱ्याला लावला, बस चालवताना त्याचा मोबाइल बंद असायचा. डेपोत निरोप ठेवला. नणंदेला लावला. वाजून वाजून थांबला. त्या खडखडाटात तिला ऐकू येणार कसं? पुन्हा लावला. पुन्हा.

"काय गं?" नणंदेचा आवाज आला.

"ताई, ताप आहे."

"किती?"

क्षणभर तिच्या तोंडात खोटंच आलं होतं. "एकशे दोन. मघाशीच शंभराच्या वर गेला होता. तो मांडीवर झोपला होता... मी बसून राहिले."

ओरडणं येईल म्हणून तिनं डोळे मिटले. पण नणंद हळू बोलली. इतकं हळू बोलताना तिला कुणी ऐकलं नव्हतं.

"आधी दाराची कडी काढ. मग त्याला पाळण्यात टाक. चक्कर येऊन पडलीस तर त्याच्या अंगावर पडशील. मी निघाले."

तिनं कडी काढली. गोटूला पाळण्यात ठेवायला वाकली तर त्यानं मुठीतलं बोट सोडलं नाही. तिनं त्याची बोटं एकेक करून उलगडली. तो जागा झाला, उठून उभा राहिला आणि कठड्यावरून हात पसरून रडायला लागला. तिच्याकडे हात पसरून! इतके दिवस ज्याची वाट बघितली तेच समोर होतं, आणि ती पाठमोरी होऊन दारापर्यंत गेली. तिथं भिंतीला धरत धरत खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. शुद्ध जाऊ नये म्हणून ती पोराशी बोलत राहिली. "आहे रे, आहे मी. इथंच आहे." तो रडत होता, ती तेच तेच म्हणत होती.

नणंद टॅक्सी खाली उभी ठेवूनच वर आली. एका हातानं पोर उचललं, दुसरा हात भावजयीच्या काखेत घातला आणि दोघांना खाली आणलं. वाटेत टॅक्सीवाल्याच्या कानाशी तिचा आवाज असा लागला, की त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

हॉस्पिटलात त्यांनी भराभर सुया लावल्या. रक्तदाब खाली खाली चालला होता. नवरा ड्रायव्हरच्या कपड्यांतच आला. शेवटच्या थांब्यावर निरोप मिळाला, गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन धावला होता. पडद्याबाहेर तो नि बहीण उभे. दोघांच्या मध्ये गोटू. आतून कुणी बाहेर आलं, की तिघंही तोंड वर करून बघायचे. "आत्ता काही सांगता येत नाही," एवढंच प्रत्येक जण सांगायचा.

संध्याकाळ होता होता रक्तदाब सावरला. ताप उतरायला मात्र बरेच दिवस लागले. त्यातल्या एका सकाळी डॉक्टरीणबाई पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या.

"आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. बसून का राहिलात?"

"तो मांडीवर झोपला होता."

डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी बघितली. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी उठवा त्याला. रडू दे. रडणारं पोर गप्प करता येतं."

पुढचे डोस बेतानं दिले. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. दुकानाच्या मालकानं तिला परत घेतलं. ऑपरेशनच्या बाजूचा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून मोठ्या काचा मालक स्वतः उचलायचा आणि ती कापायची. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या तुकड्यात कॅन्सरचा मागमूस उरला नव्हता. "पण तपासणीला येत राहायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेवढ्यावरच आनंद मानायचा होता, आणि नवराबायकोंनी तो मानला.

नणंद सामान बांधायला लागली त्या दिवशी ती तिच्याशेजारी जाऊन बसली.

"ताई, मला तुमचा राग यायचा."

"माहितेय. आंधळी आहे का मी?" नणंद ओरडली, म्हणजे नेहमीसारखं बोलली. मग घडी घातलेला टॉवेल उगाचच पुन्हा उलगडला. "मलाही काय, त्याची सवय झालीय. तो तुझ्याजवळ जायला लागला तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, जा."

मग एकीनं टॉवेलचं एक टोक धरलं, दुसरीनं दुसरं, आणि घडी घातली.

नणंदेला बसपर्यंत पोचवायला मायलेक निघाले. फुटपाथवर गोटू पुढे पुढे धावत होता, तो सपशेल तोंडावर आपटला. गुडघा सोलवटला. त्यानं गळा काढला, मागं वळून बघितलं, आणि धावत आला तो आत्याच्या पायाला येऊन बिलगला.

आईच्या काळजात कळ आली. पण जिवावर बेतेल अशी नव्हती. आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आत्याला बिलगलेल्या त्या पोरापुढे गुडघ्यांवर बसली आणि जखमेवर पाणी ओतलं.

"दुखतंय?"

त्यानं हुंदका गिळत मान हलवली. एका हातात आत्याची पँट तशीच घट्ट धरलेली. दुसऱ्या हातानं त्यानं आईचं डोकं खाली ओढलं, नुकतेच उगवलेले आखूड केस मुठीत धरून.

"आई, फू कल."

तिनं फुंकर घातली. बस आली, थांबली, निघून गेली. नणंद म्हणाली, "जाऊ दे. पुढची येईलच की."