गप्प फेस

मी खोटारडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझी बाजू घ्यायला नको.

तळेगाव स्टेशनजवळचं आमचं सलून वाहिदमामूंनी उभं केलं. दाढीचं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. फेस पारखायची त्यांची रीत एकच. ब्रश घोटून झाला की वाटी कानाशी धरायची. पाणी जास्त झालेलं असलं की बुडबुडे फुटून फेस चुरचुरतो. घट्ट फेस गप्प बसतो. "बोलणारा फेस गालाला लावायचा नाही, शादाब," असं म्हणत त्यांनी पहिली दोन वर्षं माझे फेस बेसिनमध्ये ओतले. असला राग यायचा मला!

आता मामूंचे हात थरथरतात. वस्तरा मी धरतो, ते नुसता फेस करतात. मोठ्यानं बोललेलं त्यांना कळतं, पण ती बारीक चुरचुर काही ऐकू येत नाही. म्हणून एके दिवशी त्यांनी वाटी माझ्या कानाशी धरली. "कसा झालाय रे?"

चुरचुरत होता. पण त्यांचं तोंड बघितलं आणि म्हणालो, "एक नंबर, मामू!"

तेव्हापासून रोज तेच. त्यांची पाठ वळली की फेस ओतायचा आणि डब्यातला फोम मारून गिऱ्हाईक उरकायचं. चार महिने! म्हाताऱ्याचं मन राखतोय, असं स्वतःला सांगायचो. कसलं मन राखतोय? खरं बोलायची छाती नव्हती, एवढंच.

गेल्या गुरुवारी उर्से गावचे भिमाजीआबा आले. मामूंचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. दुपारी त्यांच्या नातीचं, कोमलचं लग्न होतं.

"वाहिदभाऊ, आज तुमीच करा दाढी. ह्याच्या हाताला ती मजा न्हाई."

मामू एकदम खुलले. फेस केला आणि वाटी माझ्या कानाशी आणली. "नीट ऐकून सांग. फेस जमत असेल तर हातात अजून जीव आहे. मग धरतो वस्तरा."

तेव्हा तरी बोलायचं होतं! वाटी नुसती चुरचुरत होती. मामू माझ्याकडे बघून हसत होते.

"एक नंबर," मी म्हणालो.

दुसऱ्याच फटक्याला मामूंचा वस्तरा अडकला. फेस विरून गाल कोरडा पडला होता. कानाखाली बोटभर चीर गेली, टॉवेल लाल झाला.

"आसू द्या हो, लग्नात माज्याकडं कोन बघतंय?" आबा तुरटी दाबत म्हणाले.

मामूंनी आबांच्या मानेवरून ओघळणारं साबणाचं पाणी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मला तिथंच मेल्यासारखं झालं. त्यांनी आबांची हात जोडून माफी मागितली, ब्रश धुतला आणि घरी गेले.

तीन दिवस आले नाहीत. सोमवारी वाटी-ब्रश घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो. मामू खाटेवर बसले होते. माफी मागायची होती. त्यांच्यासमोर बसून फेस करायला घेतला, तर मामूंच्या डोळ्यांदेखत पाणी जास्त पडलं. तरी वाटी पुढे केली.

"मामू, सांगा ना. कसा झालाय?"

त्यांनी वाटी कानाशी धरली. चुरचुर मला समोरून ऐकू येत होती.

"एक नंबर," मामू म्हणाले आणि वाटी माझ्या हातात परत दिली.