अहोजाहोची ग्रीक

मला ग्रीक येते. नुसती येत नाही, पार वरच्या इयत्तेची येते. विश्वास नसेल बसत तर नका ठेवू, पण २००८ साली रत्नागिरीत कानाला हेडफोन लावून ‘जागतिक तापमानवाढ’ या विषयावर चारशे शब्दांचा ग्रीक निबंध लिहिणारी बाई मीच. राजापूरच्या शाळेत तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलंय. क्रियापदांना मी घाबरते होय?

हा सगळा खटाटोप नातीसाठी. माझा अझीम जहाजावर. त्याने ग्रीसमधली, पिरेयस बंदरातली मुलगी केली. तो वर्षाचे दहा महिने दर्यावर, आणि तिकडच्या घरात मनाल बोलायला लागल्यापासून ग्रीकशिवाय अक्षर बोलत नाही. सून म्हणते, शिकेल हळूहळू. हळूहळू! मी चौसष्टची झाले. तिला माझी भाषा येईपर्यंत मी कबरीत असेन. त्यापेक्षा म्हटलं, मीच शिकते. तीन वर्षं इंटरनेटवर शिकले. पूर्ण तयारी झाल्याशिवाय मनालशी बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. अर्धवट बोलून हसं कोण करून घेणार?

प्रगत वर्गाचा निकाल लागला. नव्वद टक्के! त्याच रविवारी फोन लावला. मनालनेच उचलला.

“ती कानेते?” मी विचारलं.

ती तिकडे ओरडली, “आई, शाळेतल्या कुणी बाई आहेत!”

या अल्ला! मी पोरीला ‘कशा आहात’ विचारलं होतं. पाच वर्षांच्या नातीला अहोजाहो! लाजेने मी फोनच ठेवून दिला. मेलं ते व्याकरण! आमच्या शिक्षिका थेक्लाबाई मला पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणायच्या, मीही त्यांना ‘तुम्ही’. ‘तू’ पुस्तकात होता, तोंडात कधी आलाच नव्हता.

पुढच्या तासाला मी त्यांना म्हटलं, मला जरा ‘तू’ म्हणा, सवय होऊ दे. त्या लाजल्या. “तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. मला नाही जमायचं.”

मग काय करते? परसात कोंबड्या होत्या, त्यांच्याशीच सुरू केलं. “ती कानिस?” कशी आहेस गं? इकडे ये. जेवलीस का? शेजारची चिमा कुंपणावरून बघतच राहिली.

“बाई, बऱ्या आहात ना?” तिने विचारलं. तिला काय कपाळ सांगू?

आठवड्याने पुन्हा फोन लावला.

“ती कानिस, मनाल? मी दादी, तुझ्या बाबांची आई.”

“बरी,” ती म्हणाली. “आणि तू?”

तू! आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मला कोणी ‘तू’ म्हटलेलं नाही. गावाची मी बाई, आणि अझीम उर्दू शाळेत गेल्यापासून ‘आप’ म्हणतो. इतकी वर्षं मला ते कळलंसुद्धा नव्हतं. एकटी आहे गं, फार एकटी आहे, एवढंच सांगायचं होतं. शब्द सगळे येत होते, आवाज निघत नव्हता.

“तू?” तिने पुन्हा विचारलं.

मग आईला म्हणाली, “इथे कोणीच नाहीये,” आणि फोन ठेवला.