सगळेच राजे

रीटाने बिअरच्या नळाचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला आणि पेला भरता भरताच दाराकडे पाहून ओरडली, "ये, सिरिल! आज जोडीने?"

बघा! पाऊल आत पडलं नाही तोवर सिरिल. एनिडने कोटाची बटणं काढली आणि नवऱ्याच्या मागोमाग जाऊन बारपाशी उभी राहिली. दर रविवारी बाराला सिरिल या 'थ्री हेरिंग्ज' पबमध्ये येई आणि ती घरी ओव्हनशी झटत मांस भाजत बसे. दोनला तो परते आणि ताटातले बटाटे काट्याने नुसते इकडून तिकडे ढकले. पोट भरलंय म्हणे. आज तिने ओव्हन पेटवलाच नव्हता.

कारण गुरुवारी मासळीच्या रांगेत मैत्रिणीने, म्युरिएलने, तिला कोपर मारलं होतं.

"रीटा अख्ख्या गावाला राजा म्हणते गं. तुझ्या सिरिलला मात्र नावाने. आहे काय भानगड?"

एनिड वरवर हसली होती. पण तीन दिवस तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. या गावात 'राजा' फुकट मिळतं. बसचा ड्रायव्हर म्हणतो, पाववाली म्हणते, दात उपटणारी डॉक्टरीणसुद्धा उपटण्याआधी म्हणते. तिथे एकाच माणसाला नावाने हाक म्हणजे गावाने काय समजायचं?

"तुला काय देऊ, राणी?" रीटाने विचारलं.

"पोर्ट वाइन. लेमोनेड घालून."

बारवर भाजलेल्या बटाट्यांचं ताट होतं, रविवारचं, सगळ्यांसाठी. सिरिलने न विचारता एक उचलला, मीठ भुरभुरवलं आणि डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा. एनिडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनेही एक तोंडात टाकला. मेला चांगला होता, कुरकुरीत. तिच्या हातच्याहून चांगला, हे तिला कळलं आणि आणखीच राग आला.

"काय रे, बायकोला घेऊन आलास म्हणजे हरायची भीती वाटत असणार," खिडकीपाशी बसलेला नॉर्मन खेकसला. त्याने डॉमिनोच्या सोंगट्या मांडल्या होत्या.

"तुला हरवायला बायको कशाला, आमची मांजर पुरेल," असं म्हणत सिरिल पेला घेऊन तिकडे गेला.

एनिड बारपाशीच राहिली. रीटा पेले पुसत होती. पन्नाशीची, जाडजूड, केस पिवळे रंगवलेले, हात कामाने लाल. एक कोळी आला. "काय देऊ, राजा?" पाद्रीबाबांचा भाऊ आला. "बस की, राजा." खिडकीकडे बघून मात्र, "सिरिल, त्या नॉर्मनवर नजर ठेव, सोंगट्या लपवतो!"

एनिडने पेला खाली ठेवला.

"एक विचारू? एवढे सगळे राजे. माझ्याच नवऱ्याचं काय वेगळं आहे गं?"

तिचा आवाज नको तेवढा चढला. कोळ्याने आपला पेला उचलला आणि हळूच दोन हात लांब सरकला.

रीटाने फडकं खांद्यावर टाकलं. तिला हसू आलं होतं, पण एनिडचं तोंड बघून तिने ते आवरलं.

"अगं बाई! एकोणीस वर्षं झाली त्याला. मी हा पब घेतला त्याच आठवड्यात आला होता. मी म्हटलं, काय देऊ राजा? तर हा कानापर्यंत लाल. म्हणाला, बाई, मला सिरिल म्हणा. ते दुसरं घरी आहे."

"काय घरी आहे?"

"राजा. म्हणाला, ते माझी बायको म्हणते. दुसऱ्या कोणाकडून नको." रीटाने नाक ओढलं. "माझ्या दोन्ही नवऱ्यांना असलं कधी सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, तुझा हेवा वाटतो मला."

काल एनिडने पोस्टमनला राजा म्हटलं होतं. परवा शेजारच्या कुत्र्याला. आणि मांजरीला तर रोज सकाळी, बशीत दूध ओतताना. सिरिलला ती म्हणायची, ए. म्हणायची, ऐकतोस का. पाय पुस. कचरा बाहेर ठेव. शेवटचं कधी म्हटलं होतं, हे तिने मागे मागे जाऊन आठवून पाहिलं. कुठला वाढदिवस हाती लागेना, कुठला नाताळही.

"आणखी एक देऊ, राणी?"

एनिडने नकारार्थी मान हलवली. कोट अंगावर चढवला, बटणं चुकीच्या काजांत गेली ती तशीच राहू दिली. खिडकीपाशी सिरिल डाव हरून पाठ खाजवत उठत होता. नॉर्मन फिदीफिदी हसत होता. ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. सगळा पब ऐकतोय असं तिला वाटलं, आणि कोळी तर खरोखरच ऐकत होता.

"चल, राजा," ती म्हणाली. "घरी जाऊ."

सिरिलने मागे वळून पाहिलं, ती कोणाशी बोलतेय ते.