तेहतिसावा दिवस

लेंकाने जन्माला यायला नऊ दिवस उशीर केला, आणि पुढचा सगळा घोळ त्या नऊ दिवसांचा. तिकिटं जानेवारीतच काढून झाली होती. तेव्हा नेदाच्या सासूबाईंनी, देसांकांनी, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोट ठेवून हिशेब मांडला होता: डॉक्टरांनी दिलेली तारीख, तिथून बाळंतिणीचे चाळीस दिवस, वर दोन दिवस हाताशी, आणि मग बोट. नोवी साद शहराच्या नदीवरल्या धक्क्यावरून संध्याकाळी सहाला सुटणारी, बुडापेस्ट-व्हिएन्ना करून आठ दिवसांनी परत आणून सोडणारी. पण नात आली ती स्वतःच्या मर्जीने. बोट आज सुटायची होती आणि आज होता तेहतिसावा दिवस.

चाळीस दिवस बाळंतिणीने घराचा उंबरा ओलांडायचा नाही. अंधार पडल्यावर पाहुणा आत घ्यायचा नाही. लंगोट ऊन उतरायच्या आत दोरीवरून काढायचे, बाळाचे कपडे उलट-सुलट दोन्ही बाजूंनी इस्त्री करायचे, आणि सगळ्यात कडक कलम वाऱ्याचं. समोरासमोरच्या दोन खिडक्या एका वेळी उघडल्या की त्यांच्यामधून जो वारा वाहतो, त्याने या शहरात जेवढी माणसं अंथरुणाला खिळली तेवढी लढायांनीही खिळली नसतील, असं सासूबाईंचं ऐकलं की वाटायचं. ऑगस्ट संपत आला होता, घर चौथ्या मजल्यावर, खोली पश्चिमेची. तेहतीस दिवस नेदा त्या खोलीत भाकरी भाजावी तशी भाजत होती.

सासूबाई वाईट नव्हत्या, हीच खरी अडचण होती. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. त्या पहाटे पाचला उठत, नेदाला गरम सूप देत, दुधासाठी काळी बिअर पाजत, पाठ चोळून देत. लेंका रात्री कुरकुरली की नेदाचे पाय चपलेत शिरायच्या आत त्या पाळण्यापाशी पोचलेल्या असत. नेदाची स्वतःची आई ऑस्ट्रियात एका म्हाताऱ्या जोडप्याची शुश्रूषा करत होती, तिला नाताळशिवाय सुटी नव्हती. तेव्हा सासूबाई होत्या म्हणून निभावलं, हे नेदाला मान्य होतं. पण पोरगी रडावी आणि तिला आपण आधी उचलावं, एवढंसं सुख तिच्या वाट्याला अजून आलं नव्हतं. तेहतीस दिवसांत एकदाही नाही. ते तिला हवं होतं. आठ दिवस तरी.

आणि नेमकी आज सकाळी तिची डावी छाती दगडासारखी होऊन बसली. दूध साकळलं होतं. अकराच्या सुमाराला अंगावर काटा आला, मग दात वाजायला लागले, त्या उकाड्यात. तिने न्हाणीघरात दार लावून थर्मामीटर लावला. सदतीसला थांबायला हवा तो पारा अडतीसच्या वर गेलेला बघून तिने तो झटकला, पुसला, आणि टॉवेलांच्या मागे दडवून ठेवला. सासूबाईंना कळलं तर त्या जाणार नाहीत, हे ती सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं जाणून होती. त्या निमित्तच शोधत होत्या.

दोन वाजले तरी त्यांची बॅग अर्धी रिकामी होती. भरलेला होता तो फ्रीज. आठ डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि वाराचं नाव: सोमवारी भरलेल्या मिरच्या, मंगळवारी कोंबडीचं सूप, बुधवारी पुन्हा सूप, कारण बुधवारी नेदा दमते असं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. नवऱ्याचे तीन शर्ट घडी करून ठेवायचे, मग काहीतरी आठवून स्वयंपाकघरात जायचं, तिथून येताना हातात बॅगेत न मावणारी वस्तू घेऊन यायचं, असं त्यांचं सकाळपासून चाललं होतं. आधी भाजलेली कोंबडी आली. बोटीवर दिवसातून चार वेळा खायला घालतात, असं नेदाच्या नवऱ्याने, उरोशने, सांगून पाहिलं. त्यावर, घालतात म्हणजे काय घालतात ते मला काय ठाऊक, असं उत्तर आलं. मग कॉफीचं पितळी भांडं आणि त्यासोबत विजेची छोटी शेगडी आली. बोट जाळायची आहे का, असं सासऱ्यांनी शांतपणे विचारलं.

सासरे, रादोये, जेवण झाल्यापासून बूट घालून बाहेरच्या खोलीत बसले होते. छत्तीस वर्षं त्यांनी याच नदीवर मालाचे पडाव ओढणारी टगबोट चालवली होती. महिन्यातले वीस दिवस पाण्यावर, दहा घरी, आणि घरचे दहा बहुतेक झोपेत. निवृत्त झाल्यापासून ते गावाबाहेरच्या द्राक्षमळ्यातच असत. 'आयुष्यभर मी हिला ओढलं,' ते नदीबद्दल म्हणाले, 'आता म्हातारपणी ही मला ओढणार.' शेगडीबद्दलचा तो प्रश्न सोडला तर दिवसभरात त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य निघालं नाही.

साडेतीनला सासूबाईंनी बॅगेतून निळा पोशाख काढून परत कपाटात टांगला. कप्तानाच्या मेजवानीसाठी तो मुद्दाम शिवून घेतला होता. कमरेत घट्ट होतो म्हणाल्या. नेदाने तो पुन्हा काढला, घडी केली, बॅगेत घातला. वाकताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने पलंगाचा कठडा धरला आणि हसून विचारलं, की चपला कुठल्या घेताय.

'तू अशी लाल का दिसतेस?' सासूबाईंनी विचारलं.

'उकाडा आहे, आई.'

'उकाडा कालही होता.' त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तेवढ्यात लेंका रडली, आणि अर्थातच त्या आधी पोचल्या.

चारला उरोश गाडी काढायला खाली गेला. पासपोर्ट तपासायचे म्हणून सुटायच्या तासभर आधी, पाचला, बोटीचा जिना उचलणार होते. साडेचार झाले. सासूबाई नळ बघून आल्या, गॅस बघून आल्या, पाळण्याचा दृष्टीचा लाल दोरा सोडून पुन्हा बांधला, आणि सूचनांची तिसरी फेरी सुरू केली. नेदा दाराच्या चौकटीला टेकून मान हलवत होती. फक्त पाच मिनिटं, ती स्वतःला सांगत होती. पाच मिनिटं उभी राहा, मग पडायचं तिथे पड. सासरे बॅग घेऊन लिफ्टपाशी गेले. सासूबाईंनी प्रवासाचा पातळ कोट चढवला, पर्स खांद्याला लावली, नेदाचे खांदे धरले, आणि रीतीप्रमाणे तीन मुके घ्यायला पुढे झाल्या.

एक उजव्या गालावर. एक डाव्या. तिसरा झालाच नाही.

त्यांनी काही विचारलं नाही. हाताची पालथी बाजू नेदाच्या मानेला लावली, मग गळ्याखाली, आणि नेदा डावा दंड अंगापासून जरा दूर धरून उभी आहे हे त्यांना दिसलं. त्या लिफ्टकडे वळून सासऱ्यांना म्हणाल्या, 'तू हो पुढे. मी आलेच.' लिफ्ट खाली गेली. त्यांनी दार लोटलं.

'कधीपासून?'

'सकाळपासून.'

'आणि मला बोलली नाहीस.'

'बोलले असते तर तुम्ही गेला नसतात.'

सासूबाईंनी खांद्यावरची पर्स काढली. 'म्हणजे मी इथून जावं म्हणून,' त्या अगदी हळू म्हणाल्या, 'तापाने फणफणत उभी आहेस तू. एवढी जड झाले होय मी?'

नेदाला सारवासारव करता आली असती. तुमची सहल बुडू नये म्हणून, असं म्हणता आलं असतं. ते निम्मं खरंही होतं. पण तापात माणसाला लांबची वाट चालवत नाही.

'मला आठ दिवस हवेत, आई,' ती म्हणाली. 'ती रडली की मी जाईन. मला नाही जमलं तर नाही जमू दे. पण मला बघायचंय.'

तिला वाटलं, आता रडारड होणार. सासूबाई बुटांच्या कपाटावर बसल्या. पर्स मांडीवर घेतली आणि तिची कडी उघडत-मिटत राहिल्या. खाली उरोशने एकदा हॉर्न वाजवला.

'ती खोली बघितलीस का तू?' त्या म्हणाल्या. 'बोटीवरची? कागदावर चित्र आहे. दोन पलंग, मध्ये वीतभर जागा, आणि काच, तीसुद्धा न उघडणारी. आठ दिवस त्यात मी आणि तो.' त्यांनी बंद दाराकडे मान उडवली. 'बेचाळीस वर्षं लग्नाला झाली. तो यायचा, मी त्याचे कपडे धुवायची, तो जायचा. वाईट माणूस नाही, अगं, एक शब्द वाईट नाही. पण आठ दिवस सलग आम्ही एका खोलीत कधी बसलोच नाही. माझ्या हाताला काम नाही, पुढ्यात तो. मी करू काय?'

गेला महिनाभर जी बाई नेदाला सगळ्या घरभर दिसत होती, ती त्या कपाटावर मावेल एवढीशी दिसत होती.

'तूच थांब म्हण,' सासूबाई म्हणाल्या. 'एकदा म्हण. ताप आहे, सून एकटी आहे, कोण मला नावं ठेवील? त्यालाही सुटल्यासारखं होईल. नुसतं थांब म्हण, मी हा कोट काढते.'

आणि नेदाला म्हणावंसं वाटलं. छाती ठणकत होती, एका शब्दात सगळं सोपं होणार होतं. गादीवर पडायचं, कपाळावर तो खरखरीत हात, स्वयंपाकघरातून सुपाचा वास. खिडक्या बंद. सगळ्यांचं भलं, कोणाचं काही न मोडता. आणि मग चाळिसावा दिवस, आणि एक्केचाळिसावा, आणि पोरगी शाळेत जाईपर्यंतचे सगळे दिवस. नेदाने ओठ मिटून घेतले. ती सासूबाईंकडे बघत राहिली आणि बोलली नाही. आयुष्यात कुणाशी इतकं निष्ठुर ती कधी वागली नव्हती.

खाली हॉर्न पुन्हा वाजला, या खेपेला लांबलचक.

सासूबाई उठल्या. कोट न काढताच स्वयंपाकघरात गेल्या. फ्रीजमधून कोबी काढला, दोन मोठी पानं तोडली, त्यांच्या जाड शिरा लाटण्याने ठेचल्या आणि पानं नेदाच्या हातात दिली. छातीवर ठेवायची, दोन तासांनी बदलायची, पोरीला आधी याच बाजूला घ्यायचं, कितीही दुखलं तरी, ओरड, पण घे. मग आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला, मिलुंकाला, फोन लावून, आत्ताच्या आत्ता यायचं असं बजावलं, आणि पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकायला थांबल्या नाहीत. दारात वळल्या. तिसरा मुका तसाच राहिला. पाचाला पंधरा मिनिटं उरली होती आणि लिफ्ट कुणीतरी अडवून ठेवली होती. चार मजल्यांवरून खाली उतरणाऱ्या त्यांच्या टाचांचा आवाज नेदाने शेवटपर्यंत ऐकला.

सिस्टर मिलुंका सव्वासहाला आली. पन्नाशीची, धिप्पाड, खोलीत शिरताच नाक मुरडणारी. अशा उन्हाळ्यात कोणी बाळंतिणीला कणकेसारखं झाकून ठेवतं का, असं म्हणून तिने आल्याआल्या दोन्ही खिडक्या उघडल्या. छाती तपासली, गोळी दिली, रात्रीत उतरला नाही तर उद्या डॉक्टर, असं बजावलं. लेंकाला त्या बाजूला लावलं तेव्हा नेदा खरोखरच ओरडली. उरोश धक्क्यावरून परत आला होता. त्याला सिस्टरने खोलीबाहेर काढलं. पोचले का, असं नेदाने आतूनच विचारलं. जिना उचलता-उचलता, तो म्हणाला. आईने मागे वळूनही बघितलं नाही.

पावणेसातला फोन वाजला. सासूबाई. आवाज घुमत होता. बोटीवरच्या न्हाणीघरात शिरून बोलत असाव्यात.

'ताप किती?'

सिस्टरच्या हातात थर्मामीटर होता. तिने तो नेदापुढे धरला. अडतीस आणि वर सहा रेघा.

'ऐक,' सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, 'मी चौकशी केलीय. उद्या सकाळी मोहाचला बोट लागते. हंगेरीत. तिथून बस आहे, दुपारपर्यंत मी घरी. तू फक्त सांग किती आहे ते.'

'उतरला, आई,' नेदा म्हणाली.

सिस्टरने भुवया वर केल्या.

'अगदी?'

'अगदी. दूधही सुटलं. लेंका पितेय बघा, आवाज येतोय का?'

पलीकडे बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. नळाचा की नदीचा, ते कळेना. त्यांना खरं वाटलं नव्हतं, हे नेदाला कळत होतं. आणि नेदाला ते कळतंय, हे त्यांना.

'आठला जेवण आहे,' शेवटी त्या म्हणाल्या. 'दोघांचंच टेबल दिलंय. खिडकीपाशी, पांढरं कापड घातलेलं. तो आत्तापासून शर्ट घालून बसलाय.' मग आवाज आणखी खाली आला. 'नेदा, काय बोलायचं असतं गं?'

ताप डोळ्यांत उतरला होता. नेदाने विचार केला, खरोखर केला, पण कोणाला सांगावं असं तिच्याजवळ काही नव्हतं. उरोशशी ती काय बोलते? लंगोटांबद्दल.

'कुठल्या वळणाला काय म्हणतात ते विचारा त्यांना,' ती म्हणाली. 'छत्तीस वर्षं गेलेत ते तिथून. कोणी विचारलं नसेल कधी.'

'वळणांना नावं असतात?'

'मला तरी काय ठाऊक, आई.'

लेंका सुटली, पुन्हा शोधायला लागली, तिची हनुवटी दुधाने भिजली होती. सिस्टर म्हणाली, बाई, आता फोन ठेवा, दुसऱ्या अंगाला घ्यायचंय तिला, दोन्ही हात मोकळे हवेत. पलीकडे सासूबाई काही बोलत नव्हत्या, पण फोनही बंद करत नव्हत्या. नेदाने तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला आणि दोन्ही हातांनी पोरीला उचललं.