पहिला धूर

ही गोष्ट १९०७ सालची. त्या वर्षी विलो फोर्डच्या माणसांनी आपलं गाव उचलून दुसरीकडे नेलं. आगगाडीचे रूळ दक्षिणेला चार मैलांवरून गेले होते, आणि डाकोटाच्या माळावर ज्या गावाला रूळ नाहीत ते दोन-चार हिवाळ्यांत गवतात मिसळून जातं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा जमीन गोठलेली आहे तोवर घरं जाड वाशांवर चढवायची आणि घोडे जुंपून बर्फावरून ओढत न्यायची, असं ठरलं. जानेवारीत चर्च गेलं. त्याची घंटा वाटभर आपली आपणच वाजत होती. शाळा गेली ती फळ्यावरच्या गणितांसकट.

गुनहिल्ड रुस्टाडचं घर मागे राहिलं होतं. नवरा निल्स जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात ती आणि तिची सासू बेरिट, दोघीच. गुनहिल्ड खानावळ चालवायची. सुकी सफरचंदं भरून भाजलेल्या तिच्या 'पाय' या गोड पदार्थासाठी लोक वाट वाकडी करून येत.

नव्या गावात स्टेशनासमोर कोपऱ्याचा एक भूखंड होता, आणि सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. रेल्वे कंपनीचा माणूस, ट्रेडवेल, चर्चमधल्या सभेत सांगून गेला होता की जागा अडवून ठेवणाऱ्यांना कंपनी ती देणार नाही. एक मार्चच्या दुपारी बारापर्यंत त्या जागेवरच्या ज्या घराच्या धुराड्यातून पहिला धूर निघेल, जागा त्या घराची. गाडी स्टेशनात वीस मिनिटं थांबणार होती. वीस मिनिटांत उतारू समोरच्या दारात जेवतो, मागच्या गल्लीत खानावळ शोधत फिरत नाही. कोपरा गेला तर खानावळ गेली, आणि मग गुनहिल्डला मिनेसोटाला भावाकडे जावं लागणार होतं. भावाने कळवलंच होतं, तुझी खाट मुलांच्या खोलीत लावली आहे. मुलं सहा होती.

त्या कोपऱ्यावर दुसरा डोळा होता एलायस प्रुइटचा. त्याला तिथे आपली बिलियर्डची खोली न्यायची होती. प्रुइट गुनहिल्डकडे रोज जेवायचा आणि रोज कॉफीला नावं ठेवायचा. आदल्या आठवड्यात तो तिला म्हणाला होता की कोपरा मिळाला की तुझ्या पायसाठी मी खिडकीत एक फळी ठोकून देईन. गुनहिल्डने त्या दिवशी त्याला पायचा सगळ्यात लहान तुकडा वाढला.

घरं हलवण्याचं काम वाक्लाव ह्रुश्का या बोहेमियाहून आलेल्या लोहाराकडे होतं. घर हलवण्याआधी चूल विझवायची, धुराडं उतरवायचं आणि चूल वेगळ्या गाडीतून न्यायची, असा त्याचा नेम होता. सगळ्यांनी तसंच केलं. प्रुइटनेही शहाण्यासारखं तसंच केलं. गुनहिल्डने मात्र साफ नकार दिला. पहाटेच पीठ मळून ठेवलंय, म्हणाली, आणि एवढ्या थंडीत सासूबाईंना कुठे बसवू? सासूबाईंनाही घरातून उतरायचं नव्हतं. नॉर्वेहून आपण जहाजात बसून आलो, चार मैलांसाठी काही चालत जाणार नाही, असं त्यांनी डोलखुर्चीतूनच जाहीर केलं.

ह्रुश्का डोकं खाजवत म्हणाला, "बाई, पेटती चूल घेऊन घर हललं की घर जळतं. माझा बाप सांगायचा."

"तुझ्या बापाने किती घरं हलवली?"

"एकही नाही."

"मग गुमान घोडे जुंप."

एक मार्चला उजाडताच प्रुइटची बिलियर्डची खोली ओढा ओलांडून पुढे गेली. तिच्या मागे गुनहिल्डचं घर, स्वयंपाकघराचं तोंड पुढे करून, बारा घोड्यांनी ओढलेलं. आणि सगळ्यांत मागे प्रुइटची चूल घेतलेली गाडी. गुनहिल्ड चुलीत दाणे काढलेल्या मक्याची बुरकुंडं सारत होती. खिडकीतून माळ सरकताना बघून तिला भलतीच मजा वाटली. आपण जागच्या जागी उभ्या आणि देशच चाललाय, असं वाटत होतं.

आठच्या सुमाराला वारा फिरला. पश्चिमेकडून ऊबदार झुळूक आली आणि बघता बघता ओढ्याकाठचा बर्फ पाणावला. घराचा पुढचा भाग चढावर पोचला होता, पण मागचे वासे चिखलात रुतले ते रुतलेच. घोडे फुरफुरले, माणसांनी खांदे लावले. घर तसूभर हललं नाही. ओढा ओलांडायला उतार तो एवढाच, आणि तो घराने गच्च अडवलेला.

नऊ वाजून गेले. नवं गाव अजून तीन मैल लांब होतं. ह्रुश्काने टोपी काढली. एप्रिलपर्यंत ते काही निघत नाही, हे त्याने तोंडाने म्हणण्याआधीच गुनहिल्डला कळलं. तिला भावाच्या घरची खाट दिसली. चुलीतल्या पावाचा वास दरवळत होता. त्या पावाचीही तिला कीव आली.

तेवढ्यात डोलखुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "हे स्वयंपाकघर निल्सने मागाहून जोडलंय. घाईत जोडलंय. मी तेव्हाच त्याला म्हटलं होतं, चार खिळ्यांवर उभं आहे हे."

गुनहिल्डने त्यांच्याकडे पाहिलं. मग दारातून वाकून विचारलं, "ह्रुश्का, करवत आणलीस?"

ह्रुश्काने आधी तिच्याकडे पाहिलं, मग घराकडे, आणि मग तो हसायला लागला तो थांबेचना. तासाभरात त्यांनी स्वयंपाकघर घरापासून कापून मोकळं केलं, पहारींनी उचललं आणि गवत वाहायच्या मोठ्या घसरगाडीवर चढवलं. मागची भिंत नव्हतीच. तिथे गोधडी टांगली. वरचा माळ अजून टणक होता. आठ घोडे लावले तसं ते स्वयंपाकघर सुटलं. धुराड्यातून धूर, आत सासूबाई एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने कॉफीची किटली धरून.

नव्या गावात प्रुइटची खोली कोपऱ्यावर केव्हाच उभी होती. चूल मात्र आली नव्हती. ती गुनहिल्डच्या अर्ध्या घरामागे, ओढ्याच्या पलीकडे अडकली होती. शेवटी प्रुइटने बादलीत गवत पेटवून आत ठेवलं. धूर खिडक्यांतून निघाला, दारातून निघाला, लोक पाणी घेऊन धावले. धुराड्यातून काही निघाला नाही, कारण धुराडंही त्या गाडीतच होतं. ट्रेडवेल घड्याळ हातात धरून खोकत होता.

बाराला दहा मिनिटं असताना उत्तरेकडून एक धुराडं येताना दिसलं. लोकांना आधी वाटलं, इंजिनच रूळ सोडून माळावरून येतंय. मग पावाचा वास आला. स्वयंपाकघर प्रुइटच्या खोलीला खेटून कोपऱ्यावर येऊन थांबलं.

ट्रेडवेलने त्या स्वयंपाकघराभोवती एक चक्कर मारली. गोधडी उचलून आत डोकावला. "मिसेस रुस्टाड, हे घर नाही. हे अर्धं घर आहे."

सासूबाईंनी त्याच्यापुढे कॉफीचा पेला केला. "जेवतात याच अर्ध्यात. बस."

तो बसला. पावाचा दुसरा जाड काप लोणी लावून खाताना त्याने वहीत नाव लिहिलं. बाहेर माणसांनी टोप्या उडवल्या, ह्रुश्काने घोड्यांनाही पाव चारला. प्रुइट काळ्या तोंडाने, भिजलेल्या कोटात दाराशी उभा होता. गुनहिल्डने चुलीतले निखारे फावड्यावर घेतले आणि त्याच्यापुढे धरले.

"घे. चूल आली की लागतील. शेजारचा तुकडा रिकामा आहे, खोली तिकडे सरकव."

प्रुइटने निखारे घेतले. दोन पावलं गेला, परत वळला आणि म्हणाला, "कॉफी आज बरी होती. वास तरी."

मागचं घर एप्रिलच्या अखेरीस आलं, पण तोवर पुढचा रस्ता पक्का झाला होता, म्हणून ते स्वयंपाकघराच्या मागे जोडलं. तेव्हापासून रुस्टाडांकडे पाहुणा चुलीपाशीच शिरायचा. नव्या घरांनीही मग तीच रीत उचलली. गावाचं नाव विलो फोर्डच राहिलं, जरी तिथे ना विलोचं झाड, ना 'फोर्ड' म्हणावा असा ओढ्याचा उतार. अजूनही एक मार्चला दुपारी बाराला घरोघरी चूल पेटवतात आणि शेजाऱ्याला कॉफी पाजतात.

बेरिट आणखी नऊ वर्षं जगल्या, आणि त्या चार खिळ्यांची गोष्ट दर उतारूला सांगत राहिल्या. ह्रुश्काने पुढे वीसेक घरं हलवली. 'चूल विझवू का?' हे तो आधी घरातल्या बाईला विचारायचा. ट्रेडवेलची बदली झाली, तरी इथून जाताना तो गाडीतून उतरायचा, आणि एकदा तर पावाचा काप संपेना म्हणून त्याची गाडी चुकली. गुनहिल्डने एकतीस वर्षं खानावळ चालवली आणि भावाच्या सहाही मुलांना एकेका उन्हाळ्यात बोलावून पोटभर खाऊ घातलं. प्रुइटने शेजारच्या तुकड्यावर संसार थाटला, एकट्याचाच. त्याने गुनहिल्डला तीनदा मागणी घातली. तिन्ही वेळा ती म्हणाली, "आधी चूल वेळेवर आणायला शीक." चौथ्यांदा, १९१९ च्या एक मार्चला, तो सकाळी सातलाच आला, चूल हातगाडीवर घालून.